रक्त रिकामं परतत नाही

पुसदच्या आमच्या अंगणात पौषातलं कोवळं ऊन उतरलं की माझी बायको सुजाता त्यात दोन्ही तळहात उघडून बसे. गल्लीत शेकोटीभोवती गप्पांना रंग चढलेला असायचा आणि ही आपली बोटं एकेक करून दाबून पाहायची, आज कुठलं दुखतंय म्हणून. डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीच्या पाण्याची फिकी झाक, चाल संथ, आणि जिन्याच्या मध्यावर थांबून खिडकीबाहेर काहीतरी पाहत असल्याचा बहाणा. तो बहाणा मला ठाऊक होता. मीही थांबून तिच्यासोबत समोरचा कडुनिंब न्याहाळायचो.

तिला सिकलसेल होता. शाळेत विज्ञान शिकवताना ती स्वतःचंच रक्त मुलांपुढे मांडायची. लाल पेशी फुप्फुसांतून प्राणवायू उचलतात, गोल आणि लवचिक असल्याने अंगाच्या कानाकोपऱ्यांत शिरतात, तो तिथे पोचवतात. आणि तिथला कर्बवायू रक्त परत घेऊन येतं, थोडा पेशींत, बराचसा आपल्या पाण्यात विरघळवून. "जुन्या तांड्यायचे बैल मीठ घेऊन जात, येताना धान्य आणत. रक्तही तसंच, रिकामं परतत नाई," ती म्हणे. आपल्या पेशी मात्र प्राणवायू देऊन टाकला की विळ्यासारख्या वाकतात, अरुंद वाटेत अडकतात आणि मागची सगळी रहदारी खोळंबवतात, हे ती हसत सांगायची. मला ते हसणं कधीच सोसलं नाही.

आमच्या मुलीला, पल्लवीला, पाहायला उमरखेडची मंडळी आली. मुलगा आणि ती एकमेकांना आधीच पसंत होती. उरली होती ती फक्त तारीख. चहाचे कप खाली ठेवले गेले आणि सुजाता शांतपणे म्हणाली, आधी मुलाचं रक्त तपासून घ्या.

"काहून वो बाई, आमच्या पोराच्या रक्तात खोट हाय का?" मुलाच्या आईचा आवाज चढला.

"खोट नाई वो ताई. हे दुखणं मले हाय, अर्धं माह्या पोरीत उतरलं. तुमच्या पोरातही अर्धं असलं, तं नातवाले पूर्ण येऊ शकते. मी भोगून राह्यली, त्याले कायले?"

मंडळी रागावून उठली. मुलगा मात्र समजूतदार निघाला. त्याने घरी न सांगता रक्त तपासून घेतलं आणि निकाल सांगायला स्वतः आला. त्याच्यातही अर्धं होतं.

लग्न मोडलं. पल्लवी आईशी बोलेनाशी झाली. सुजाता भाकरी थापताना रडायची आणि विचारलं की धूर लागला म्हणायची, घरात गॅस असूनही! पण आपला शब्द तिने मागे घेतला नाही.

पुढे पल्लवी ढाणकीला दिली. जावयाचं रक्त आधी तपासलं होतं, त्यात हे काही नव्हतं. मायलेकी पुन्हा बोलू लागल्या. नातू पाहायला मात्र सुजाता उरली नाही. एका कडक थंडीत तिचा श्वास अडला तो अडलाच.

तो नातू आता सुटीत येतो. शेळीच्या पिलामागे भन्नाट पळतो आणि धापा टाकत माझ्या मांडीवर कोसळतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून वाट पाहतो, मनातून अजूनही भीत. धाप हळूहळू उतरते, कुणाच्याही लेकराची उतरावी तशी, आणि तो पुन्हा पळतो. काळ माणसाला घेऊन गेला की मागे जे उरलं त्यात आपण त्याला शोधत बसतो; मला मात्र सुजाता भेटते ती या पोराच्या अंगात जे दुखणं नाही, त्यात.