पुरुषांचे उतरवलेले टायर

सायकल-संघात मिस्त्रींचा हात धरणारं कोणी नव्हतं. चाक फिरवलं की नुसत्या कानाने त्यातला दोष ओळखायचे. पुरुषांच्या आणि मुलींच्या, सगळ्याच सायकली त्यांच्या हाताखालून जायच्या. नवं सामान आधी पुरुषांना आणि तिकडून उतरलेलं मुलींना, हा तिथला शिरस्ता. त्यात काही गैर आहे असं मिस्त्रींना कधी वाटलं नव्हतं.

त्या शर्यतीच्या सकाळी नव्या टायरांच्या सातच जोड्या आल्या. पुरुषही सातच.

"मुलींचं अंतर कमी आहे. जुन्यावर भागेल," मॅनेजर म्हणाला.

मुलींच्या कप्तानाच्या सायकलीला पुरुषांचे उतरवलेले टायर चढवताना मिस्त्रींनी अंगठा फिरवला. रबर मधोमध गुळगुळीत झालं होतं, कडेला बारीक चिरा होत्या. बाहेर रस्ता ओला. बोलावं असं ओठांवर आलं होतं, पण सकाळीच वाद कुठे घालायचा, म्हणून त्यांनी मुकाट्याने हवा भरली.

उतारावरच्या वळणावर ती घसरली आणि दगडी कठड्यावर आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं.

मिस्त्री दवाखान्यात गेले, तर तीच म्हणाली, "मामा, मी ब्रेक उशिरा दाबला. सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं."

"होतं असं," म्हणत ते तिच्यासाठी संत्रं सोलत बसले.

तीन महिन्यांत हाड जुळलं, पण मुलगी उताराला बिचकायला लागली. सरावात सगळ्यांत मागे. मॅनेजरने तिला वगळायचं ठरवलं. "उतारावर बायका कच खातातच," तो सहज बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी ते तिच्या घरी गेले. ती जमिनीवर बसून खांद्याचा व्यायाम करत होती. त्यांनी उभ्याउभ्याच त्या टायरांचं सगळं सांगितलं.

तिने व्यायाम थांबवला. मग विचारलं, "लावताना माहीत होतं?"

"होतं."

"आणि सायकल पुरुषांच्या संघातल्या तुमच्या एखाद्या लाडक्या पठ्ठ्याची असती तर?"

मिस्त्रींना खोटं बोलता आलं असतं. "तर लावले नसते," ते म्हणाले.

"चार महिने मी माझ्याच हातांना दोष देतेय, मामा. रोज." तिचा आवाज चढला नाही, तेच त्यांना जास्त लागलं. "मला एकटीला सांगून काय उपयोग? संचालकांना लिहून द्या. सहीनिशी."

त्यांनी दिलं. मॅनेजरला जाब विचारला गेला, मिस्त्रींना लेखी ताकीद मिळाली, तिची जागा राहिली. यापुढे दोन्ही संघांना एकाच वेळी सारखं सामान मिळेल, असाही ठराव झाला. गॅरेजमधल्या दोघांनी मिस्त्रींची पाठ थोपटली. ते अंग चोरून बाजूला झाले.

नव्या हंगामातल्या पहिल्या शर्यतीला तिच्या सायकलीला कोरे टायर होते. ती तंबूत आली, खाली बसली आणि दोन्ही चाकं हळूहळू फिरवत स्वतः बोटांनी तपासू लागली. मिस्त्रींनी सायकल धरून ठेवली. तिला घाई नव्हती. बाकीच्या मुली निघून गेल्या तरी ती तपासतच होती, आणि "मी पाहिलंय" असं म्हणायचा धीर मिस्त्रींना झाला नाही.

"सोडा," ती शेवटी म्हणाली, आणि सायकल घेऊन सुरुवातीच्या रेषेकडे गेली.