पाळकांनी मुलांची माफी मागावी

आमच्या चर्चच्या मंडळीचं पत्रक गेली अकरा वर्षं मी टाइप करते. टायपिंग मला कुणी शिकवलं नाही. घराच्या पुढच्या खोलीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकांची वाट बघत बसायचे, तेव्हा बोटं आपली आपणच शिकली. त्यामुळे शुद्धलेखनाचा मला जरा जास्तच अभिमान आहे आणि पुढचा सगळा घोळ त्या अभिमानातूनच झाला.

त्या महिन्यात पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, शाळकरी आणि त्याहून मोठ्या मुलांच्या आईबापांसाठी नऊ सूचना लिहून दिल्या. पालकांनी जेवताना फोन बाजूला ठेवावा. पालकांनी मुलांच्या खोलीत दार वाजवून जावं. अभ्यासावरून ओरडण्याआधी पालकांनी तो एकदा स्वतः करून बघावा. साध्या, शहाण्या गोष्टी. सातव्या सूचनेला मात्र माझी बोटं थबकली. पालकांकडून चूक झाली, तर पालकांनी मुलांची माफी मागावी. कारणं न देता.

माझी सोळा वर्षांची लेक तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. नवरा जहाजावर, म्हणजे घरात बोलायला आम्ही दोघीच, त्यातली एक गप्प. कारण काय, तर तिची प्रार्थनेची वही मी वाचली होती. नुसती वाचली असती तर एक वेळ खपलं असतं. मी त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या. देवाला लिहिलेल्या चार पानांत चौदा ऱ्हस्व-दीर्घ! मला राहवलंच नाही. तेव्हापासून लेक फ्रिजवर चिठ्ठ्या लावून माझ्याशी व्यवहार करायची, त्यातही 'दूध' मुद्दाम ऱ्हस्व लिहायची.

तर, ती सातवी सूचना मनात सलत असतानाच मला दिसलं की शेवटी सहीच्या जागी 'पाळक'ऐवजी 'पालक' पडलंय. ल आणि ळ एकाच कळीवर बसतात. शिफ्ट दाबली की ळ. मी कॉम्प्युटरला 'पालक'चं 'पाळक' करायला सांगितलं. मशीनने विचारलं, सगळीकडे बदलू? मी तणतणत 'हो' दाबलं आणि न वाचता दीडशे प्रती काढल्या.

रविवारी चर्चमध्ये घड्याळवाल्यांनी ते पत्रक खणखणीत वाचलं. घड्याळं दुरुस्त करतात ते, आणि आमच्या पंचकमिटीचे सेक्रेटरीही आहेत. "पाळकांनी जेवताना फोन बाजूला ठेवावा. पाळकांनी मुलांच्या खोलीत दार वाजवून जावं." लोक चुळबुळले. तिसऱ्या सूचनेला एका आईने डोळे पुसले. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जबाबदारी घेतंय हो!"

पाळकसाहेब उठून बोलणार, तोच सगळी मंडळी दणदणीत आमेन म्हणून मोकळी झाली. ते पुटपुटले, "मी पालक लिहिलं होतं खरं." मग वर बघत म्हणाले, "पण लिहून घेणाऱ्याच्या मनात काही वेगळं असेल."

लिहून घेणारी मी तिसऱ्या बाकावर चपलेकडे बघत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो ळ कबूल केला असता, तर सातवी सूचना सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली असती.

पाळकांनी कुठल्या मुलाकडे कधी जायचं, याचं घड्याळवाल्यांनी वेळापत्रक केलं. मुलं सत्तावन्न, पाळक एक. साडेसहाला बीजगणित, सातला सुतारांकडे पहिलं जेवण, पावणेआठला नर्सबाईंकडे दुसरं. प्रत्येक घरी फोन बाजूला ठेवता ठेवता तो कुठल्या घरी राहिला हेच पाळकसाहेबांना आठवेना. एकदा त्यांनी आठवीतल्या पोराचं दार वाजवलं. "कोण?" "पाळक." आतून उत्तर आलं, "नंतर या, मी अजून सुधारलो नाही."

आईबाप मात्र निवांत. सुतार मला म्हणाले, "आम्ही पोराला ओरडतच नाही आता. ते खातं पाळकांकडे गेलं."

तिसऱ्या आठवड्यात पाळकीणबाई दुकानात आल्या. हसायला लागल्या, पण हसू काही पुरं झालं नाही. "आमच्या पोराने घड्याळवाल्यांकडे नाव नोंदवलंय. त्याचे बाबा मिळावेत म्हणून. गुरुवारी साडेपाचचा नंबर लागलाय."

मी मान खाली घालून प्रती मोजायला लागले. कारण गुरुवारी पाचचा नंबर माझा होता. मीच चिठ्ठी दिली होती: लेक, वय सोळा, वही वाचल्याबद्दल माफी, नग एक.

गुरुवारी पाळकसाहेब आले. शर्टाची बटणं ताणली गेलेली, बोटांना शाई. लेक स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

"बाळ, मी तुझी वही वाचली. माझं चुकलं."

"तुम्ही?" लेक म्हणाली. "कधी?"

"ते इथे लिहिलेलं नाही."

"आणि लाल पेन?"

पाळकसाहेबांनी चिठ्ठी उलटून बघितली. "लाल पेनाचं काही दिलेलं नाही," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "तेही मी केलं का हो, ताई?"

मी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर तो माणूस पेनाचाही दोष घेऊन गेला असता. मग मात्र मला पुढचं बघवेना.

"नाही. पेन माझं. वही मी वाचली. आणि तो ळसुद्धा माझाच, पाळकसाहेब. तुम्ही पालक बरोबरच लिहिलं होतं." मी लेकीकडे वळले. "माझं चुकलं, बाळा. म्हणजे वही उघडीच होती, म्हणून..."

पाळकसाहेबांनी बोट वर केलं. "कारणं न देता."

"माझं चुकलं," मी म्हणाले. एवढंच वाक्य. अकरा वर्षांत त्याहून अवघड काही टाइप केलं नव्हतं.

लेकीने नळ घट्ट बंद केला. "तू 'समजून'मधला जू दीर्घ केलास," ती म्हणाली. "वाक्य काय होतं, आठवतं?"

आठवत होतं. देवा, आईला समजुन घ्यायला शिकव. मी उकार ओढला होता आणि पान उलटलं होतं. तिने आईला समजून घ्यायचं, की आईने तिला, हे मी तेव्हा बघितलंच नव्हतं.

"आठवतं. पण त्यात कुणी कुणाला..."

"ते मी देवाला सांगितलंय," लेक म्हणाली. पण म्हणाली. चिठ्ठी नव्हती ती.

पाळकसाहेब एकदम घड्याळाकडे बघून उठले. "अरे देवा! पाच पंचवीस. माझ्या घरी नंबर आहे माझा." दारापर्यंत गेले, परत आले. "ताई, दुरुस्तीचं पत्रक रविवारपर्यंत होईल ना? नाहीतर सुतारांकडे उद्या दोन जेवणं आहेत."

ते गेल्यावर मी दुकानात जाऊन मशीन उघडलं. लेक मागे येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, मी गिऱ्हाइकाच्या मागे उभी राहते अगदी तशी. मशीनने विचारलं, सगळीकडे बदलू?

"थांब हं," ती म्हणाली आणि स्टूल ओढून शेजारी बसली. "एकेक करून बदल. मी वाचते."