पिसांची शेड

लवंग दाढेखाली फुटली. जीभ बधिर झाली. बाकी काही नाही.

कारखान्यामागच्या वस्तीत कोणी कपडे बाहेर वाळत घालत नाही.

दूध करपून काळं झालं तरी ती शेगडीसमोरच उभी होती. नवरा आतून धावत आला. "अगं, लक्ष कुठंय तुझं?" लक्ष तिथंच होतं.

कोंबडी सगळ्यांना हवी असते. पिसं कोणालाच नको असतात.

तिचा ताप केव्हाच उतरला होता.

तिची नोकरी वासाची. तक्रार आली की नगरपालिका तिला पाठवायची. कुंपणापाशी उभं राहायचं, वारा तोंडावर घ्यायचा आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा सांगायचा. ऑफिसात तिला सगळे नाकबाई म्हणत. आज कोंबड्यांच्या कारखान्याची पाळी होती. त्यातही मागच्या शेडची, जिथे पिसं उकळून त्यांची पूड करतात आणि ती पुन्हा जनावरांच्या खाद्यात जाते. आकडा चारच्या वर गेला की शेड बंद, नवा फिल्टर बसेपर्यंत. त्या शेडवर तिचा थोरला भाऊ होता. हे तिने साहेबांना आधीच सांगितलं होतं.

"असू दे," साहेब म्हणाले होते. "तुमचं नाक भिडस्त नाही."

तापात नाकच गेलं, हे सांगायला मात्र तोंड उघडलं नव्हतं.

दादा फाटकाशी आला. रबरी बूट, मागे सरकवलेली टोपी.

"या नाकबाई! भावाच्या पोटावर पाय द्यायला आलात?"

"काम करू दे, दादा."

"कर की. पण आज आहे कुठे काय? मस्त हवा आहे."

हे तो नेहमीच म्हणायचा. वहिनी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत असायची आणि हा दारात पाय पसरून म्हणायचा, कुठे काय आहे? "खाल्ल्या मिठाला जागतात तुझे दादा," वहिनी म्हणायची. ह्यावर तो नुसता हसायचा.

ती जाळीपाशी गेली, डोळे मिटले. वारा आला. गार होता, एवढंच कळलं. शून्य म्हणावं तर वस्तीचा घात. पाच म्हणावं तर अंदाजाने भावाला घरी बसवायचं. तिने जाळी घट्ट धरली. साहेबांना सांगायलाच हवं, आजच. आणि मग कसली नाकबाई?

आत कोणीतरी शेडचा पत्रा सरकवला.

आधी तिला भास वाटला. मग डोळ्यांत पाणी आलं. ती जाळी धरून वाकली, उमासे दाबत. दादा धावला. जवळ येऊन पाहतो तर ही हसत होती.

"काय गं, काय झालं?"

"आला! दादा, वास आला!"

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"भयंकर आहे रे. शी!" तिने पुन्हा छातीभर श्वास ओढला. "तापापासून काहीच येत नव्हतं मला. दूध करपलं तरी कळेना. कोणाला बोलले नाही."

दादाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"किती मग?"

"पाच."

"लिही."

"अरे पण तुझं..."

"शेड बंद असली तरी पगार चालू. युनियनने कधीच करून घेतलंय. विचारायचंस तरी! उगाच जीव टांगणीला. तुझ्या वहिनीला कळू दे, नाचेल ती."

ती तिथंच मातीत बसली. दादाही शेजारी टेकला.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"काय?"

"वास. सांग ना, कसा येतो?"

चेष्टा करतोय असं वाटून तिने पाहिलं. तो करत नव्हता.

"केस जळल्यासारखा," ती म्हणाली. "आणि त्याच्या खाली काहीतरी गोडूस. नासलेलं."

तो डोळे मिटून ऐकत होता.

"असं होय," तो म्हणाला.

शेडवर लागला त्या पहिल्याच उन्हाळ्यात दादाचं नाक गेलं होतं.