जोडावर उमटलेली रेघ

साल होतं दोन हजार तेवीस. एसटीच्या पाट्यांवर आमच्या शहराचं नवं नाव नुकतंच रंगवलं जात होतं. करमाडची म्हातारी माणसं मात्र कंडक्टरला अजून जुनंच नाव सांगून तिकीट काढत होती. त्या वर्षी पुतळाबाईच्या एका पाटलीची परीक्षा झाली. ती माझ्याच अंगावर झाली, म्हणून तिची हकिकत मीच सांगितलेली बरी.

मी एक जुनी कसोटी आहे, मित्रांनो. शाळेत तुमची होते ती कसोटी वेगळी. मी दगडाची आहे, तळहाताएवढी आणि काळीभोर. सोनं माझ्यावर घासलं की पिवळी रेघ उमटते. तिला सोनार कस म्हणतात. त्या रेघेवर तेजाबाचा एक थेंब सोडायचा. सोनं चांगलं असेल तर रेघ तशीच झळकत राहते आणि भेसळीचं असेल तर फिकी पडून विरते. मला बोलायला एवढी एकच भाषा येते.

कुठल्याशा नदीच्या पात्रात मी जन्मले. पाण्यानं मला किती वर्षं गोंजारलं ते आता आठवत नाही. सखाराम सोनारांच्या वडिलांनी शहरातल्या सराफ्यात एका फिरत्या माणसाकडून मला विकत घेतलं आणि उपरण्यात गुंडाळून करमाडला आणलं. त्यांच्यामागं सखारामदादा माझे धनी झाले. दिवस मावळला की दादा माझ्यावर मेणाचा गोळा फिरवत. माझ्या अंगावरचे सोन्याचे कण त्याला चिकटून येत. मग खोबरेल तेलाचं बोट लावून ते मला कोनाड्यात ठेवत. लग्नसराईत सासवा आणि सुना माझ्याकडे श्वास रोखून पाहत आणि रेघ उजळली की हसत. ते दिवस मोठे गोड होते.

त्याच दिवसांत एके दुपारी पुतळाबाई धावतच दुकानात आली. तिची मेंढरं होती. विहिरीच्या काठावर अडकलेलं कोकरू ओढताना ती पडली होती आणि तिचं मनगट सुजून भोपळ्यासारखं झालं होतं. पाटली मांसात रुतली होती. बोटं काळीनिळी पडू लागली होती. सोबत तिची लेक ज्ञानेश्वरी होती, परकर नेसणारी, रडून डोळे लाल झालेली.

"दादा, काढा एकदाची," पुतळाबाई म्हणाली.

"कापावी लागंल, बाई."

"कापा. सासूची निशानी हाय, पर हात ऱ्हायला तर निशानी घालायची ना?"

दादांनी लहान करवतीनं पाटली कापली. पुतळाबाई करवतीकडं टक लावून बघत राहिली. रडत होती ती ज्ञानेश्वरीच. पुढं हात बरा झाला, पण हाड वाकडंच जुळलं. दादांनी पाटली जोडून दिली. जोडायला जे सोनं वितळवतात त्यात तांबं-चांदी जास्त घालावी लागते, म्हणून जोडाची तेवढी जागा कसाला कमीच असते. कानशीनं घासून दादांनी ती अशी बेमालूम केली की बघणाऱ्याला कळू नये.

वर्षं गेली. ज्ञानेश्वरी बारावी झाली आणि शहरात नर्सिंग शिकायला निघाली. फी भरण्यासाठी पुतळाबाईनं दोन्ही पाटल्या गावातल्या बँकेत तारण ठेवल्या. बँकेसाठी सोनं दादाच पारखत. हीही पारख त्यांनीच केली, माझ्यावरच. रेघ झळझळीत आली आणि कर्ज मिळालं. दर सालाला व्याज भरून ती कर्ज पुढं चालवून घेई. शेवटच्या सालाच्या फीसाठी त्याच पाटल्यांवर थोडी वाढीव रक्कम मिळायची होती.

मित्रांनो, आपण दिलेली कर्जं धडधाकट आहेत की आजारी, हे बँकेला मधूनमधून तपासावं लागतं. त्यासाठी दोन हजार तेवीस साली मोठ्या कचेरीतून श्रेया नावाची अधिकारी बाई आली. एकानं केलेली पारख दुसऱ्यानं तपासायची, असा नियम. म्हणून सिल्लोडहून रामकिसन सोनाराला बोलावलं होतं आणि दादांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. रामकिसन आपला दगड घरी विसरला होता. दादांनी बँकेत आणलेल्या मलाच त्यानं पुढं ओढलं.

तारण दागिन्यांची पाकिटं पुष्कळ होती आणि रामकिसनला सिल्लोडची गाडी गाठायची होती. पुतळाबाईची पाटली त्यानं उचलली, तिरपी धरली आणि सर्रकन माझ्यावर ओढली.

त्या स्पर्शानंच मी ओळखलं. तो जोड होता.

रेघ फिकी उमटली आणि तेजाब पडताच विरली. मी खोटं बोलले नव्हते. पण पाटलीचं कणभर खरं मी सांगितलं आणि बाकीचं सारं खरं सांगायला मला कोणी विचारलंच नाही.

"मॅडम, हे सोनं हलकं आहे," रामकिसन म्हणाला.

पुतळाबाईला बोलावणं गेलं. ती आली तेव्हा दादाही आत आले. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढू लागला होता. रेघ फिकी आल्याचं ऐकून ते खुर्चीत बसले आणि डोळे चोळू लागले. "माझ्याच डोळ्यांनी मला फशिवलं असंल," एवढंच ते पुटपुटले.

श्रेया हळू आवाजात म्हणाली, "मावशी, पाटली कसाला कमी भरली. हे कर्ज आता संशयित धरावं लागेल. वाढीव रक्कम देता येणार नाही."

"संशयित म्हंजी?"

"म्हणजे... परत येईल की नाही याची शंका असलेलं."

"म्हंजी माझ्यावर संशय! चोर व्हय मी?" पुतळाबाईचा आवाज चढला. "माझ्या अंगावर हे दोनच डाग सोन्याचे, बाई. त्याला आनखी डाग नका लावू. पोरीचं शेवटचं साल हाय. फी नाय भरली तर परीक्षेला बसू देत नायत तिला."

"मावशी, माझा नाइलाज आहे."

"आना इकडं माझी पाटली!" तिनं टेबलावरची पाटली उचलली आणि रागारागानं हातात घातली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिनं पाटली फिरवली, वाकड्या हाडावरून अलगद सरकवली आणि जोडाची बाजू नाडीवर आणून बसवली. त्या मनगटावर ती पाटली दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बसतच नव्हती.

श्रेया पाहत होती. टेबलावर कागदांचा ढीग होता, बाहेर माणसं ताटकळली होती. तरी तिनं लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "मावशी, हाताला काय झालं होतं?"

दिवसभरात पाटलीबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. हाताबद्दल विचारणारी ती पहिली.

"मोडला व्हता," पुतळाबाई म्हणाली. राग अजून गेला नव्हता. "लई सुजला, तवा ह्या दादांनीच तर पाटली कापली आन् जोडली."

दादा ताडकन उठले. "अगं बाई, जोड! रामकिसन, कुठं घासली तू?"

रामकिसननं पुतळाबाईच्या हातातली पाटली उतरवून घेतली, उजेडाकडं धरली, बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "जोडावरच की हो, काका!"

"सिल्लोडहून एवढा लांब आलास आन् घासायला तेवढीच जागा घावली व्हय रं तुला?"

मग पाटली माझ्यावर पुन्हा आली, या अंगानं, त्या अंगानं, समोरून. दर वेळी मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून उजळले. तेजाब पडलं आणि रेघा तशाच झळकत राहिल्या. श्रेया वाकून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"कर्ज चांगलं आहे," ती म्हणाली. "फक्त जोडाचं वजन तेवढं वजा करावं लागेल."

"कापा की," पुतळाबाई डोळे पुसत हसली. "रत्तीभर कापा. पर खोटी म्हनू नका."

आता सगळ्यांचं पुढं काय झालं ते सांगते. श्रेयाची बदली नांदेडला झाली. तिथं ती हलका दागिना निघाला तर आधी मालकाला समोर बसवते, असं आमच्या शाखेतले लोक कौतुकानं सांगतात. रामकिसन घासण्याआधी विचारतो, "कुठं जोड हाय का, मावशी?" ज्ञानेश्वरी पास झाली. ती शहरातल्या एका दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात आहे. मोडक्या हाताची बाई आली की ती आधी साबणाच्या पाण्यानं बांगड्या उतरवून घेते, मग नाव विचारते. दादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण बँकेत आता सोनं तपासायचं यंत्र आलं आहे. दादा घरीच असतात आणि मी कोनाड्यात. मेणाचा गोळा वाळून दगड झाला. तेलाचं बोट कधी आठवणीनं लागतं, कधी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल तर त्याला अधूनमधून पुसत जा. आणि कुणा माणसाची पारख करायची वेळ आली तर त्याच्या जोडावरच घासून थांबू नका. दुसऱ्या अंगानंही एकदा घासून पाहा.

पाटल्या सोडवून घेतल्या त्या दिवशी पुतळाबाई दुकानात आली होती. दादा म्हणाले, "बाई, बसा. तो जोड काढून चांगल्या सोन्याचा पत्रा घालतो. पुन्हा कुनी बोट ठेवायला नको."

तिनं पाटली मनगटावर फिरवली, जोड नाडीवर आणला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दादा. हात वाकडा ऱ्हायला, मंग पाटलीनंच काऊन सरळ व्हावं?"