आश्रुबा मिस्त्रीचं इंजिन

गंगाखेडला माणिकरावांच्या लाकडाच्या वखारीत एक इंजिन होतं, आणि त्या इंजिनाला एक खोड होती. सकाळी बत्तीनं त्याचं लोखंडी डोकं तापवून चाक फिरवलं की ते शहाण्या लेकरासारखं सुरू व्हायचं. पट्टा फिरायचा, आरा लिंबाच्या ओंडक्यात सरसर उतरायचा. वीसेक मिनिटं बरी जायची आणि मग त्याला धाप लागायची. ठोके विरळ व्हायचे, आरा अर्ध्या लाकडात अडकायचा, आणि सगळं गप्प. कुणीतरी शिडीवर चढून टाकीचं झाकण काढायचं, काठी बुडवून तेल बघायचं, झाकण लावायचं. पुन्हा चाक फिरवलं की इंजिन हजर, जणू मघाशी रुसलं होतं ते दुसरंच कुणी. पुन्हा वीस मिनिटं.

ही खोड मोडायला माणिकरावांनी मानवतहून चंद्रभानला बोलावलं. चंद्रभान तिथल्या कापसाच्या जिनमध्ये फिटर होता. पण तो शिकला होता याच वखारीत, याच इंजिनापाशी, आश्रुबा मिस्त्रीच्या हाताखाली. आठ वर्षं. तरी बोलावणं आल्यावर निघायला त्यानं दोन दिवस लावले. गंगाखेडला तोंड दाखवायचं म्हणजे कस्तुराबाईला, मिस्त्रीच्या बायकोला, तोंड दाखवायचं होतं.

झालं होतं ते असं. लढाई ऐन भरात होती, रॉकेल परवान्यावर मिळायला लागलं आणि मिळायचं तेही पाणी घातलेलं. इंजिन अडखळायला लागलं. पुढे रॉकेल सुधारलं, पण इंजिन सुधारलं नाही. मिस्त्रीनं नळ्या काढल्या, जाळी धुतली, तेल चार पदरी धोतरातून गाळलं. इंजिन वीस मिनिटांवर अडून बसलं ते बसलंच. मग वखारीत कुजबुज सुरू झाली. मिस्त्री वर चढतो, झाकण काढतो अन् लगेच इंजिन चालतं, हे कसं? मालकांच्या डोक्यात ती कुजबुज पक्की बसली. एक दिवस सगळ्या गड्यांसमोर ते म्हणाले, "आश्रुबा, चांगलं राकेल तू बाजारात इकतोस अन् टाकीत पानी घालतोस. वर चढून नाटकं करतोस."

आश्रुबा मिस्त्रीनं उभ्या जन्मात कुणाचा खिळासुद्धा घरी नेला नव्हता. तो मालकांशी बोललाच नाही. चंद्रभानकडे वळून म्हणाला, "तू सांग की रे चंदर. तू माजे हात बगितलेत."

आणि चंद्रभाननं खाली बघितलं. का बघितलं, ते त्याला आजवर सांगता आलं नव्हतं. मालकांची भीती होती हे खरं. पण त्याहून वाईट गोष्ट अशी, की त्या घटकेला त्यालाही वाटलं होतं, असेल बुवा. माणसाचं मन इतकं हलकं असतं. महिन्याभरात त्यानं मानवतची वाट धरली. मालकांनी काढलेल्या मिस्त्रीला मात्र कुणी काम दिलं नाही. तो गोदावरीच्या घाटावर बसून भुईवर बोटानं इंजिनाच्या नळ्या काढायचा आणि पुसायचा. अकरा महिन्यांनी तो गेला. तेराव्याला चंद्रभान आला, मान खाली घालून जेवला आणि परत गेला. मालकांना दया आली. त्यांची दया अशी, की नवऱ्याला चोर म्हणायचं आणि बायकोच्या हाती झाडू द्यायचा. कस्तुराबाई वखारीमागच्या खोलीत राहिली आणि आऱ्याखालचा भुसा झाडू लागली.

चंद्रभान पोचला तेव्हा ती भुसाच भरत होती. त्याला बघून तिनं टोपली खाली ठेवली.

"आलास व्हय रे चंदर? किती वाळलास. जिनवाले खायाला देत न्हाईत का?"

"देतात की, माय." तो तिला पहिल्यापासून माय म्हणायचा. तिला मूलबाळ नव्हतं आणि त्याला घर नव्हतं, त्यामुळे ते आपोआपच झालं होतं.

ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "चंदर, इंजिन नीट झालं न्हाई तरी चालंल. पर त्याला काय झालंय तेवढं हुडक. लोक आजून म्हंत्यात, आश्रुबानं जाताजाता आत कायतरी करून ठिवलं. वाण्याच्या दुकानात मला बगून बाया गप व्हत्यात. मी मरायच्या आदी एवढं कळू दे सगळ्यांना, की माजा मानूस चोर न्हवता."

त्यानं मान हलवली आणि पिशवीतले पाने बाहेर काढले.

त्यानं घाई केली नाही. टाकीतलं थोडं रॉकेल काचेच्या बाटलीत काढून उन्हात ठेवलं. पाणी असतं तर तळाशी बसलं असतं. तास झाला, तेल वरपासून खालपर्यंत सारखं. नळी काढून फुंकली, मोकळी. जाळी धुतली, तेल उडवणारा फवारा सुईनं साफ केला, सगळं परत बसवलं. इंजिन सुरू केलं. वीस मिनिटांनी बंद पडलं. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी, तशातली गत. परभणीचे दोन मिस्त्री याआधी येऊन हेच करून गेले होते.

दुपारी गडी भाकरी खायला गेले. वखारीत तो आणि भुसा झाडणारी कस्तुराबाई, एवढेच राहिले. चंद्रभाननं इंजिन पुन्हा सुरू केलं आणि या वेळी शिडीवर चढून टाकीपाशीच उभा राहिला. चालत्या इंजिनाच्या टाकीचं झाकण कधी उघडायचं नाही, हा मिस्त्रीचा नेम होता. खाली डोकं लाल झालेलं असतं, एक ठिणगी उडाली तर वखार पेटायची. मिस्त्रीनं तो नेम जन्मभर पाळला, दुसऱ्या मिस्त्रींनीही पाळला. म्हणजे झाकण उघडलं जायचं ते इंजिन मेल्यावरच.

ठोके विरळ व्हायला लागले तसं चंद्रभाननं देवाचं नाव घेतलं आणि झाकण फिरवलं. फुस्स करून वारा आत ओढला गेला. आणि मरायला टेकलेलं इंजिन खाली खडखडून जागं झालं.

त्याला सगळं कळलं. टाकीतलं तेल खाली उतरायचं तर वरून वारा आत जावा लागतो. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते बुजलं होतं. त्यानं इंजिन बंद केलं आणि झाकण हातात घेतलं. झाकणावर शेंदूर होता. तो तर कायमच असायचा, खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा इंजिनालाही शेंदूर लागायचा. पण हे पुट बोटाच्या पेराएवढं जाड होतं. देवाच्या शेंदराला कोण नख लावणार? जो तो झाकण कडेनं उचलायचा आणि कडेनंच ठेवायचा. चंद्रभाननं खिशातली सुई शेंदरात घातली.

"देवाला टोचू नको रे!" खालून कस्तुराबाई ओरडली. मग हसून म्हणाली, "खाली ये, सांगते. त्यो शेंदूर माजा हाय."

तो खाली उतरला.

"पयल्यांदा राकेल खराब आलतं बग, इंजिन अडायला लागलं, तवा मी बोलले, दिष्ट लागली. दर शनवारी तेलात शेंदूर कालवून सगळ्यात उंच जागी लावायला लागले. मिस्त्री हसायचे. पर त्यांनी बी कदी पुसला न्हाई. मालकानं त्यांना काढलं त्या आठवड्यात तर मी रोज लावला. आता रांडमुंड झाले, माजा हात देवाला चालत न्हाई म्हंत्यात. म्हून उजाडायच्या आत कुनी बगत न्हाई तवा लावते. एक शनवार चुकू दिला न्हाई, चंदर. त्यांच्या मागं त्यांचं इंजिन मीच संबाळलं."

चंद्रभान तिच्याकडे बघत राहिला. बाईचा चेहरा इतका निर्मळ होता की त्याला बघवेना. पहिला आजार तेलाचा होता, तो गेला. त्यानंतरचं सगळं, मिस्त्रीवरची तोहमत, घाटावरचे अकरा महिने, मरण, सगळं या शेंदरानं केलं होतं. तिच्या हातानं. नवऱ्याला वाचवायला लावलेल्या शेंदरानं.

"काय सापडलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई अजून," तो म्हणाला.

त्यानं शेंदराला हात लावला नाही. झाकणाच्या गळ्याला, कडेच्या खाली, आडवं नवं भोक पाडलं. आता तिनं जन्मभर शेंदूर लावला तरी ते बुजलं नसतं. गडी परतले. इंजिन सुरू झालं, आरा ओंडक्यात उतरला. वीस मिनिटं झाली. तास झाला. दुसरा ओंडका झाला, तिसरा झाला. गड्यांच्या तोंडावर हसू आलं. आणि चंद्रभान बाजूला उभा राहून मनात म्हणत होता, थांब रे बाबा, अजून एकदा थांब. इंजिन बंद पडावं म्हणून देवाला विनवणारा फिटर तोच पहिला असेल. ते बंद पडलं असतं, तर त्याला कुणाला काही सांगावं लागलं नसतं. पण मिस्त्रीचं इंजिन मिस्त्रीसारखंच इमानी. ते चालतच राहिलं.

उन्हं कलली तसे माणिकराव आले. त्यांनी इंजिन बंद करवलं. सगळे गडी गोळा झाले. कस्तुराबाई टोपली घेऊन मागे उभी राहिली.

"शाब्बास," माणिकराव म्हणाले. "आता सांग, काय करून ठिवलतं आश्रुबानं?"

"मिस्त्रीनं काय केलं न्हाई मालक. मिस्त्रीनं राकेल चोरलं न्हाई अन् पानी बी घातलं न्हाई. कसूर माजा हाय." आवाज नीट निघतोय याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "टाकीत भुसा जातो म्हून झाकणाला आतून कातड्याच्या चकतीचं वायसर मी बसवलतं. टाकीला वारा घ्यायला झाकणात भोक असतंय, ते त्या वायसरनं बुजलं. म्हून तेल उतरंना. झाकण काडलं की वारा जायचा अन् इंजिन चालायचं. एवढंच."

वायसर त्यानं बसवलं होतं हे खरं होतं. त्या वायसरनं भोक बुजलं हे खोटं होतं.

माणिकराव काही दुधखुळे नव्हते. ते डोळे बारीक करून म्हणाले, "दोन वर्सांत तीन मिस्त्रींना गावलं न्हाई, अन् तुला एका दिसात गावलं? गुरूचं नाव राखायला गोष्ट रचायलास का?"

गडी एकमेकांकडे बघायला लागले. चंद्रभानच्या ध्यानात आलं, की हे आत्ता बुडालं तर कायमचं बुडालं. झाकणावरच्या शेंदराकडे बोट दाखवलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं. त्यानं कस्तुराबाईकडे बघितलं नाही.

"एका दिसात न्हाई गावलं," तो म्हणाला. "मला तवाच म्हायती होतं. तुमी मिस्त्रीला चोर बोललात तवा. मी भ्यालो, गप बसलो."

माणिकरावांचा चेहरा उतरला. त्यांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. मग कस्तुराबाईकडे वळून म्हणाले, "बाई, चूक झाली. तुजा नवरा साफ होता." आणि गड्यांना म्हणाले, "ऐकलं ना समद्यांनी? गावात सांगा."

कस्तुराबाईनं इंजिनाकडे वळून हात जोडले. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"पावलास रे देवा," ती म्हणाली. "माजा शेंदूर वाया गेला न्हाई."

मग ती चंद्रभानसमोर येऊन उभी राहिली.

"मिस्त्री घाटावर बसून भुईवर नळ्या काडायचे, तवा तुला म्हायती होतं?"

"व्हय."

"त्यांच्या तेराव्याला आलतास. माज्या हातचं जेवलास. तवा बी?"

"व्हय, माय."

"मला माय म्हनू नको."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, टोपली उचलली आणि म्हणाली, "मिस्त्री मरताना बी तुजं नाव घेत होते. चंदर असता तर हुडकलं असतं, म्हनायचे. जा आता. मी मेले तरी माज्या मयताला येऊ नको."

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. चंद्रभाननं पाने पिशवीत भरले. गडी त्याला वाट देताना जरा जास्तच बाजूला सरकले. जे करायला तो उभा राहिला होता ते झालं होतं, मिस्त्रीचं नाव धुऊन निघालं होतं. तरी तो जाताना त्या बंद दाराशी थांबला, मग वखारीबाहेर पडला.

रस्त्यावर त्याला स्टेशनकडे जाणारा टांगा मिळाला. टांग्यात बसल्यावर त्याला रडू आवरेना. उपरणं तोंडाला लावून तो हमसून हमसून रडू लागला. म्हाताऱ्या टांगेवाल्यानं दोनदा मागे वळून बघितलं, आणि शेवटी विचारलंच.

"घरचं कोनी गेलं का, बाप्पा?"

"माय," चंद्रभान म्हणाला.

"अरेरे. कवा?"

"आत्ता."

टांगेवाल्यानं मग स्टेशन येईपर्यंत घोड्याला चाबूक लावला नाही.