डाव्या दाराचा पोचा

साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. सख्ख्या भावाची माया त्यात येत नाही, भावाभावांतली तुलना मात्र झाडून सगळी येते. त्या घरचा मोठा जावई गॅरेजमध्ये डेंटर होता, म्हणजे ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करून त्यांना रंग मारायचा. धाकटा जावई शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर. आणि दोघांनाही नाद एकच, तळहातावर मावतील अशा मॉडेल गाड्या बनवायचा. दोन जावई आणि एकच नाद, मग आणखी वेगळं भांडण कशाला हवं?

डेंटरची गाडी अशी चकाकायची की तिच्यात बघून भांग पाडावा. मास्तराची गाडी दहा वर्षं रस्त्यावर राबल्यासारखी दिसायची. चाकांवर चिखल, बंपरला गंज, काचेवर वायपर फिरला तेवढीच जागा स्वच्छ. त्याच्याकडे बाटल्यांत भरून ठेवलेली वेगवेगळ्या रस्त्यांची चाळलेली धूळ होती, आणि पाहुणे आले की तो त्या बाटल्यासुद्धा दाखवायचा.

"लोकांच्या गाड्यांवरचे डाग काढण्यात माझा जन्म गेला," डेंटर बायकोला म्हणायचा, "आणि हा पठ्ठ्या नव्याकोऱ्या गाडीला चिखल फासून वाहवा मिळवतो!"

"मग तुम्हीही फासा थोडा," बायको म्हणायची. हे त्याला सगळ्यात जास्त झोंबायचं. मेव्हणी तर त्याला तोंडावर 'चकाचक भावोजी' म्हणायची.

आता खरं दुखणं सांगायचं तर ते चिखलाचं नव्हतंच. सासरेबुवा, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते धाकट्याचा उल्लेख 'आमचे मास्तर' असा करायचे आणि थोरल्याचा 'थोरलीचे मिस्टर' असा. 'आमचे' हा शब्द इतक्या वर्षांत एकदाही डेंटरच्या वाट्याला आला नव्हता, आणि त्यासाठी तो मास्तराला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत आला होता.

आप्पांनी आयुष्यात एकच गाडी चालवली. निळी. नजर अधू झाली तेव्हा विकली, आणि त्यानंतर आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. ऐंशीवा वाढदिवस जवळ आला तशी त्यांनी फर्मान काढलं, "दोघंही माझी गाडी बनवा. उशाशी फळी ठोकून घेतलीय. एकच मावेल. मला भावेल ती तिथं राहील."

आप्पा हसत म्हणाले होते. डेंटर हसला नाही. रोज उठल्याबरोबर म्हाताऱ्याला आपली गाडी दिसली पाहिजे, एवढं एकच त्याच्या मनाने घेतलं.

त्याच्याकडे हुकमाचं पानही होतं. लग्नाआधीची गोष्ट. तो गॅरेजमध्ये नवा होता. एका दुपारी एक बाई निळी गाडी घेऊन आल्या. डाव्या मागच्या दाराला हा एवढा पोचा. नवरा गावाला गेलेला असताना त्यांनी गाडी हळूच बाहेर काढली होती, एकदा तरी चालवून बघावी म्हणून, आणि फाटकाचा खांब आडवा आला. "संध्याकाळपर्यंत होईल?" त्यांनी विचारलं. आवाज थरथरत होता. त्याने पत्रा ठोकला, खळगा बुजवायला लांबी भरली, घासली, रंग असा जुळवला की हात फिरवून कळू नये. बाईंनी कुणाला न सांगण्याचं वचन घेतलं. वर्षभराने त्यांनीच थोरल्या मुलीसाठी त्याचं नाव काढलं. आप्पा अजून चारचौघांत सांगत, "आमच्या गाडीला जन्मात ओरखडा नाही उठला!" आणि सासूबाई अशा वेळी चहा बघायला आत जात.

वाढदिवसाच्या आदल्या रविवारी मास्तर आपली गाडी मुद्दाम दाखवायला घेऊन आला. "आप्पा, चिखल दारापर्यंतच उडायचा ना? बघून सांगा." साळसूद कुठला! आप्पांनी गाडी डोळ्यांशी नेली आणि त्यांचा आवाजच बदलला. "अरे, डोंगर उतरून आलो की अश्शीच दिसायची! अश्शीच!" दोन्ही लेकी धावत आल्या. डेंटरची स्वतःची बायकोसुद्धा त्या चिखलावर झुकून म्हणाली, "अगं बाई, किती खरं!" डेंटरने कोपऱ्यात उभं राहून चहा प्यायला. चहात साखर होती की नाही, हेही त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गॅरेज रिकामं झालं तसा तो आपली निळी, आरशासारखी गाडी घेऊन बसला. आधी तपकिरी रंग पातळ करून चाकांवर सोडला. मग खडूची भुकटी. पण चिखल काय, कुणीही फासेल. मास्तरापेक्षा खरं काहीतरी हवं होतं, मास्तराच्या बापालाही न सुचणारं. त्याने चमच्याचं टोक तापवलं आणि डाव्या मागच्या दारावर हलकेच दाबलं. प्लास्टिक आत गेलं. तोच आकार, तीच दुमडलेली कड. जन्मभर पोचे काढणाऱ्याने आज पहिल्यांदा पोचा घातला आणि तो इतका देखणा जमला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. हा पोचा जगात फक्त मला ठाऊक आहे, असं तो स्वतःशी म्हणाला. फक्त मला नाही, आणखी एका माणसालाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. जळणाऱ्या माणसाला आपलाच धूर दिसतो.

वाढदिवसाला दोन्ही गाड्या टेबलावर मांडल्या. आप्पांनी डेंटरची गाडी उचलली, खूश होऊन फिरवली, आणि त्यांचा अंगठा डाव्या दारावर थांबला.

"हे काय?"

डेंटर तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर सासूबाईंवर गेली. केक कापायची सुरी त्यांच्या हातात तशीच राहिली होती. चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत.

"पोचा? माझ्या गाडीला?" आप्पांचा आवाज चढला. "धूळ रस्त्याची असते, जावईबापू. पोचा चालवणाऱ्याचा असतो! कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मास्तराने एकदा सासूबाईंकडे पाहिलं. त्याला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण चेहरा वाचायला नकाशा लागत नाही.

"आप्पा, चूक माझी," तो म्हणाला. "मघाशी बघताना हातातून पडली. दादांना सांगायचा धीर झाला नाही."

"धांदरट!" आप्पा ओरडले आणि लगेच हसले. "आमचे मास्तर म्हणजे ना!"

शिव्यासुद्धा त्यालाच, आणि त्याही 'आमचे' लावून. डेंटरने मान खाली घातली. ज्याचा इतकी वर्षं मत्सर केला, त्यानेच आपली अब्रू झाकली होती, आणि आता त्याचा राग करायचीही सोय उरली नव्हती.

"दुरुस्त करून आणा," आप्पांनी डेंटरला गाडी परत दिली. मास्तराची चिखलाने माखलेली गाडी उशाशी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, निळी गाडी घेऊन आल्या तेव्हा जिथे उभ्या राहिल्या होत्या तिथेच. डेंटर धडपडत उठला. "आई, चुकलो. माझ्या मनात तसं काही..."

"माहीत आहे मला काय होतं मनात." त्या स्टुलावर बसल्या. "तुम्हाला वाटतं, हात चांगला म्हणून मी मुलगी दिली. हात चांगले असलेले पुष्कळ मिळतात हो. वर्षभर वाट बघितली मी, कुठून तरी बातमी फुटेल म्हणून. नाही फुटली. तेव्हा ह्यांच्याशी भांडून तुमच्यासाठी हट्ट धरला. ह्यांना तुम्ही नकोच होतात. माझे होतात तुम्ही. आमचे नाही, माझे."

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी तो झुरला, त्याहून मोठा शब्द याच घरात त्याच्या नावावर होता, आणि नेमका तोच त्याने चमच्याच्या टोकाने चेपला होता.

त्याने गाडी पुढ्यात ओढली आणि बोटावर लांबी घेतली.

सासूबाईंनी पदर सावरला. या खेपेला त्यांचा आवाज थरथरत नव्हता.

"संध्याकाळपर्यंत होईल?"