माझ्या अंगावरची जुनी भेग

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर जरा हळू घ्या. मी एक जुना धोटा आहे, आणि खरं सांगतो, फार भित्रा आहे. लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर, आडवा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो, तो मी. हातभर लांब, जड लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, आणि पोटात सुताची कांडी बसवायला पोकळी. आता मी लूमवर नसतो. भिवंडीच्या निजामपुऱ्यात अतियाच्या खोलीत टेबलावर असतो. मनाला लागलेल्या मारावर ती बोलून आणि ऐकून इलाज करते. गल्लीतले लोक तिला 'बोलनेवाली डॉक्टर' म्हणतात. 'मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही,' असं ती रोज सांगते. कुणी मनावर घेत नाही.

माझी उमेदीची वर्षं खलीलचाचांच्या चार लूमच्या कारखान्यात गेली. ते अतियाचे अब्बा. मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या मारायचो. चाचा मला स्वतः पुसायचे, 'हा माझा लाडका' म्हणायचे. मग एकदा माझ्या टोकाजवळ केसाएवढी भेग पडली. चाचांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चार दिवस चालेल." माझी तर पाचावर धारण बसली. भेगेत धागा अडकला की धोटा वाट सोडून उडतो, हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कसं? मला तोंड कुठे आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी अकरा वर्षांची अतिया शाळेतून कारखान्यात आली. तिला कांडी बसवायची भारी हौस. तिनं माझ्या पोटात कांडी बसवली, चाचांनी लूम चालू केला, धागा भेगेत अडकला आणि मी उडालो तो थेट चाचांच्या डाव्या डोळ्यावर. डोळा गेला. त्या पळापळीत अतियानं मला उचलून दप्तरात लपवलं. रात्रंदिवस ती दप्तर कवटाळून एकच पुटपुटायची, "माझीच कांडी नीट बसली नव्हती." मित्रांनो, कांडी अगदी नीट बसली होती.

तेव्हापासून मला दोन भीती लागल्या. एक अशी, की कुणीतरी भेग पाहील आणि मला चुलीत घालेल. दुसरी अशी, की कुणी पाहणारच नाही आणि ही पोर जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. पहिली भीती मोठी होती, उगाच खोटं कशाला बोलू.

अतिया मानसशास्त्र शिकली. मुंबईत एम.ए. झाली, मग ठाण्याच्या एका रुग्णालयात मनिषा मॅडमच्या हाताखाली दोन वर्षं राबली. मॅडम म्हणायच्या, "दुसऱ्याचं ऐकायला बसायच्या आधी आपलं ओझं कुणापाशी तरी उतरव." म्हणून अतिया दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे जाऊन बोलायची. तिनं अब्बांचा डोळा गेल्याचं सांगितलं. कांडीचं नाही सांगितलं. मी पिशवीत असायचो, म्हणून मला माहीत.

स्वतःची खोली घेतल्यावर तिनं मला टेबलावर ठेवलं, कारण बोलताना लोकांच्या हातांना काहीतरी चाळा लागतो. ती उपदेश करत नाही. 'विसरून जा' तर कधीच म्हणत नाही. "तेव्हा तुमच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं?" एवढं विचारते आणि थांबते, कितीही वेळ. स्वतःला मात्र तिनं हे कधी विचारलं नाही. आणि कुणी मला उचललं की माझा जीव टांगणीला लागायचा.

गेल्या महिन्यात डोंगराकडच्या पाड्यावरून एक बाई आली. इथलं बोलणं बाहेर जात नाही, म्हणून तिचं खरं नाव सांगत नाही, आपण तिला सखी म्हणू. वळ गावच्या गोदामात खोक्यांची थप्पी कोसळून तिच्या भावाचा, मंगळ्याचा, पाय मोडला होता. खालची रांग सखीनं रचली होती. तेव्हापासून गोदामाच्या फाटकापर्यंत जाऊन ती माघारी वळायची. भावाच्या दारातही ती गेली नव्हती.

"भाव बोलावतो, पन मी कंच्या तोंडानं जाऊ?" असं ती म्हणायची.

तिसऱ्या खेपेला तिनं मला उचललं. लहानपणापासून मोळ्या विकलेली बाई ती, लाकूड तिला कळतं. तिचं बोट भेगेवर थांबलं.

"बाई, ह्यो फुटलेला हाय."

"हो, अपघातात फुटला," अतिया म्हणाली.

सखीनं केसातली पिन काढून भेगेत घातली. संपलं सगळं, मला वाटलं. पिनेला तेलात काळा झालेला सुताचा कचरा लागून आला.

"नंतर लूमवर चढवला व्हता?"

"नाही. कधीच नाही."

"मंग ह्यो कचरा आत गेला कवा? भेग आधीची हाय."

अतियानं पिन हातात घेऊन तो कचरा निरखला. आता ती मला खिडकीबाहेर फेकते, या भीतीनं मी गारठलो. पण तो तास सखीचा होता. अतिया स्वतःबद्दल एक अक्षर बोलली नाही. पिन परत देऊन तिनं विचारलं, "सखीताई, तुमच्या थप्पीच्या खाली काय होतं?"

सखी पिन केसात खोचत म्हणाली, "फळ्या ठोकलेला लाकडाचा पॅलेट. त्याची फळी आधीच मोडली व्हती. मी सुपरवायझरला दावली. त्यो बोलला, चालंल." मग ती रडायला लागली. अतियानं तिला रडू दिलं.

त्याच संध्याकाळी अतियानं मला घरी नेऊन अब्बांच्या तळहातावर ठेवलं. चाचांचा अंगठा न चाचपडता भेगेवर गेला.

"ही मला ठावी होती, बेटा. चार दिवस चालेल, मीच बोललो होतो."

"अब्बा, मला वाटलं माझी कांडी नीट बसली नव्हती."

चाचांनी एका डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. "वीस वर्षं? मला विचारलं का नाही?"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"शरम वाटली," चाचा म्हणाले आणि मला छातीशी धरून बसले. चुलीची गोष्ट कुणी काढली नाही.

मी पुन्हा टेबलावर आहे. सखी भावाच्या घरी जाऊन आली, कोरा चहा पिऊन आली. गोदामाच्या फाटकापासून मात्र ती अजून कधी कधी माघारी वळते. मलाही अजून भीती वाटते, कुणी उचललं की. पण मित्रांनो, तुम्हाला एखादी भेग दिसली आणि मोठं माणूस 'चालेल' म्हणालं, तर पुन्हा एकदा दाखवा. आणि मनात एखादी कांडी रुतली असेल, तर ती कुणाला तरी सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.